मोटारीच्या इंजिनांतील ठोका

जुन्या बनावटीची मोटार बोरघाटाची चढण चढूं लागली आणि चालकानें वेग वाढविण्यासाठीं पायानें जोर दिला, कीं कधीं कधीं इंजिनांतून एक चमत्कारिक आवाज येऊं लागे. लहान हातोडीनें कोणी लोखंडी भांड्यावर भराभर ठोके मारावेत तसा तो आवाज. सपाट रस्ता लागला कीं तो नाहींसा होई. पुन्हां चढ आला, किंवा गाडींत माणसें अधिक बसलीं, कीं पुन्हां सुरू होई. गाडी थांबवून, झांकण उघडून पाहावें तों सर्व कांहीं जागच्या जागीं असे. एखादा खिळा सैल नाहीं, एखादा पट्टा घांसत नाहीं. गॅरेजमधील मिस्त्री या आवाजाला 'नॉकिंग' म्हणत, व आजही म्हणतात. मराठींत त्याला नुसतें 'ठोका' म्हटलें तरी चालेल.

हा ठोका केवळ कानाला त्रास देणारा असता तर त्याची एवढी चर्चा झाली नसती. परंतु ठोका पडूं लागला कीं इंजिनाची शक्ति घटते, तें अतोनात तापतें, आणि बराच वेळ तसेंच चालू राहिलें तर आंतील दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत या एका आवाजानें मोटारीच्या सुधारणेची वाट अडवून धरली होती. त्याचें कारण कसें शोधलें गेलें, तें शोधतांना कोणतीं अनुमानें खोटीं ठरलीं, आणि आवाज बंद करणाऱ्या उपायाबद्दल पुढें साऱ्या जगाला कोणतें मोल द्यावें लागलें, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे.

ती समजण्यासाठीं इंजिनांत काय घडतें हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण सिलिंडर नांवाच्या नळकांड्यांत ओढलें जातें. दट्ट्या वर येऊन तें मिश्रण दाबतो. तेवढ्यांत विजेची ठिणगी पडते, मिश्रण पेटतें, तापलेला वायु प्रसरण पावून दट्ट्याला खालीं ढकलतो, आणि त्या ढकलण्यानें अखेर मोटारीचीं चाकें फिरतात. पेटण्यापूर्वीं मिश्रण जितकें अधिक दाबावें तितकें तेवढ्याच पेट्रोलांतून अधिक काम निघतें. म्हणून प्रत्येक कारखानदाराला हा दाब वाढवावयाचा होता. परंतु थोडा वाढविला कीं ठोका सुरू होई. त्या काळीं मिश्रण मूळ आकारमानाच्या साधारण चौथ्या हिश्श्यापर्यंत दाबीत. त्यापलीकडे फारसें जाण्याची सोय नव्हती. आजच्या पेट्रोलच्या मोटारींत तें दहाव्या हिश्श्यापर्यंत सहज दाबलें जातें. दोन आंकड्यांमधील हें अंतर ठोक्यानें अडविलें होतें.

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत डेटन नांवाचें शहर आहे. तेथें चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) या कल्पक इंजिनिअराची डेल्को नांवाची कंपनी होती. हातानें दांडा फिरवून मोटार चालू करण्याचा त्रास आणि धोका ज्यामुळें संपला तो विजेचा 'स्टार्टर' केटरिंगच्याच बुद्धीचें फळ; १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो प्रथम बसविण्यांत आला. मिश्रण पेटविणारी ठिणगी बॅटरीच्या साहाय्यानें पाडण्याची युक्तिही त्याचीच. ठोक्याच्या तक्रारी वाढतांच प्रतिस्पर्ध्यांनीं बोट दाखविलें तें या नव्या विजेच्या यंत्रणेकडे. घरांत कांहीं विपरीत घडलें कीं नव्या सुनेच्या पायगुणावर खापर फोडावें, तशांतलाच हा प्रकार. एक गोष्ट दुसरीच्या मागून आली म्हणजे ती पहिलीमुळेंच आली, हें अनुमान जितकें सोपें तितकेंच फसवें असतें.

केटरिंगला आपल्या यंत्रणेवरील आरोप खोटा वाटत होता. परंतु वाटणें आणि दाखवून देणें यांत फार अंतर आहे. त्याच्या हातीं एक धागा मात्र आला होता. ज्या शेतवाड्यांपर्यंत विजेच्या तारा पोंचल्या नव्हत्या तेथें दिवे लावण्यासाठीं त्याची कंपनी लहान इंजिनें विकीत असे. हीं इंजिनें घासलेटावर, म्हणजे रॉकेलवर, चालविलीं कीं त्यांत ठोका फारच जोरानें पडे. इंजिन तेंच, ठिणगी तीच, आणि इंधन तेवढें बदललें. तरी ठोका कमीजास्त होतो, याचा अर्थ काय? ठिणगीवरचा संशय येथें ढिला पडला आणि इंधनावरचा बळावला.

१९१६ सालीं टॉमस मिजली (१८८९–१९४४) हा तरुण केटरिंगच्या हाताखालीं कामाला लागला आणि हा प्रश्न त्याच्याकडे सोंपविण्यांत आला. मिजलीचें शिक्षण यंत्रशास्त्राचें होतें. रसायनशास्त्र तो पुढें याच कामाच्या ओघांत शिकला. त्यानें प्रथम एक साधा प्रश्न विचारला: ठोका नेमका केव्हां पडतो? ठिणगी पडण्यापूर्वीं, कीं नंतर? त्या वेळीं पुष्कळांचा समज असा होता कीं सिलिंडरमधील एखादा काजळीचा तापलेला कण मिश्रणाला ठिणगीच्या आधींच पेटवितो आणि वर येणाऱ्या दट्ट्यावर अवेळीं धक्का बसतो. मिजलीनें सिलिंडरमधील दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो हें प्रकाशकिरणाच्या साहाय्यानें फिल्मवर उमटविणारें साधन इंजिनाला जोडलें. दाबाची रेघ पाहतां निराळीच गोष्ट दिसून आली. ठिणगी योग्य वेळीं पडत होती, मिश्रण नेहमींप्रमाणें पेटत होतें. परंतु जळणें बरेंचसें उरकल्यावर, अगदीं शेवटीं, दाब एकाएकीं उसळी मारीत होता. म्हणजे ठोका ठिणगीच्या आधींचा नव्हे, नंतरचा. एका मोजणीनें एक रूढ समज कायमचा निकालांत निघाला.

मग शेवटीं असें काय घडतें? येथें केटरिंगनें एक तर्क लढविला. अमेरिकेच्या रानांत 'ट्रेलिंग आर्बुटस' नांवाचें जमिनीलगत पसरणारें एक झुडूप आहे. वसंताच्या आरंभीं, बर्फ अजून वितळलेलें नसतांनाही, त्याला फुलें येतात. आणि त्याच्या पानांची मागची बाजू तांबूस असते. तांबडा रंग उष्णता लवकर शोषून घेतो म्हणून तर हें झाड इतक्या लवकर फुलत नसेल? तसें असेल तर रॉकेलला तांबडा रंग दिल्यास तेंही उष्णता लवकर शोषील, त्याची वाफ लवकर होईल, आणि कदाचित् ठोका थांबेल. तर्क गमतीचा होता. परंतु करून पाहण्यास खर्च कांहींच नव्हता. मिजली तेलांत विरघळणारा तांबडा रंग शोधूं लागला. तो प्रयोगशाळेंत नव्हता; परंतु आयोडीन तेलांत विरघळून त्याला तांबूस रंग देतें, असें त्याला कोणी सांगितलें. आयोडीन घातलेलें इंधन इंजिनांत ओतलें आणि काय आश्चर्य, ठोका थांबला!

शोधाच्या कामांत सर्वांत कसोटीचा क्षण हाच. तर्क केला, प्रयोग केला, आणि फळ तर्काप्रमाणें मिळालें; मग तर्क खरा मानावयास हरकत कोणती? मिजलीनें तसें मानलें नाहीं. आयोडीन घालतांना इंधनांत एकाच वेळीं दोन गोष्टी बदलल्या होत्या: त्याचा रंग बदलला होता, आणि त्यांत एक नवा पदार्थ मिसळला होता. या दोहोंपैकीं ठोका कोणीं थांबविला? त्यानें तेलांत विरघळणारे निरनिराळे तांबडे रंग आणविले आणि एकामागून एक वापरून पाहिले. एकाचाही उपयोग झाला नाहीं. मग त्यानें उलट बाजूनें प्रयोग केला; आयोडीनचें बिनरंगी संयुग इंधनांत घातलें. ठोका तत्काळ थांबला. म्हणजे रंगाचा या प्रकरणाशीं कांहीं संबंध नव्हता. केटरिंगचा तर्क साफ चुकला होता आणि तरीही त्या चुकलेल्या तर्कानेंच खरी वस्तु हातीं आणून दिली होती. वैद्यानें दोन औषधें एकदम दिलीं आणि ताप उतरला, तर कोणतें औषध लागू पडलें हें ठरविण्यासाठीं तीं वेगळीं देऊन पाहावीं लागतात. इंजिनाच्या बाबतींत मिजलीनें हेंच केलें.

इकडे इंग्लंडमध्यें हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) हा इंजिनिअर याच ठोक्याच्या मागें लागला होता. त्याच्या आणि इतरांच्या संशोधनांतून ठोक्याचें जें स्वरूप स्पष्ट झालें तें असें. ठिणगी पडते तेथून ज्वाला पुढें सरकत जाते, जसा गवताच्या कुरणांत वणवा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकाकडे सरकतो. जळलेला भाग फुगतो आणि पुढच्या न जळलेल्या भागाला दाबतो. त्या दाबानें तो भाग तापत जातो. ज्वाला वेळेवर तेथवर पोंचली तर तोही शांतपणें जळून जातो. परंतु दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्वाला पोंचण्यापूर्वींच तो उरलेला भाग आपोआप, एकदम, सगळाच्या सगळा पेट घेतो. त्या स्फोटाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, आणि भिंती घंटेप्रमाणें वाजतात. बाहेर ऐकूं येणारा ठोका तो हाच. लोखंडावर लोखंड आपटत नाहीं; वायूच लोखंडावर आपटतो. म्हणूनच झांकण उघडून पाहणाऱ्या मिस्त्र्याला सैल झालेलें कांहींच सांपडत नसे. चढणीवर ठोका कां पडे याचाही उलगडा यांतच आहे. चढावर चालक इंजिनाला अधिक मिश्रण देतो, सिलिंडरमध्यें अधिक मिश्रण अधिक दाबलें जातें व अधिक तापतें. सपाटीवर तें कमी लागतें, म्हणून ठोकाही नाहींसा होतो.

आतां इंधनाचा दोष स्पष्ट झाला. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक द्रव्यांचें मिश्रण आहे. त्यांपैकीं कांहीं दाबाखालीं लवकर पेटतात, कांहीं पुष्कळ दाब सोसतात. हा गुण मोजण्यासाठीं १९२६–२७ च्या सुमारास ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञानें एक मापपट्टी सुचविली. ठोक्याला चांगला विरोध करणाऱ्या आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि लगेच ठोका देणाऱ्या हेप्टेनला शून्य गुण द्यावयाचे. एखादें पेट्रोल ९१ ऑक्टेनचें आहे असें म्हणतात तेव्हां त्याचा अर्थ एवढाच कीं, ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका ठोक्याला विरोध करण्याचा गुण त्यांत आहे. पंपावरील हा आंकडा म्हणजे डेटनच्या त्या शोधाची आजवर चालत आलेली खूण होय.

आयोडीननें ठोका थांबे खरा. परंतु तें महाग होतें आणि इंजिनाच्या धातूला खाऊन टाकी. मिजली व त्याचे सहकारी दुसऱ्या द्रव्यांच्या शोधाला लागले. १९१९ सालीं अॅनिलीन हें द्रव्य उपयोगी असल्याचें आढळलें. मग सेलेनियम आणि टेल्युरियम यांच्या संयुगांची पाळी आली. तीं अॅनिलीनपेक्षांही गुणकारी होतीं. परंतु टेल्युरियमला लसणासारखा असा उग्र दर्प होता कीं तो काम करणाऱ्यांच्या कपड्यांना व अंगाला चिकटून बसे. तोंवर केटरिंगचें संशोधन जनरल मोटर्स या मोठ्या कंपनीच्या छत्राखालीं आलें होतें. मिजलीनें आतां अंदाजानें चांचपडणें सोडून मूलद्रव्यांच्या तक्त्याचा आधार घेतला. तक्त्यांतील कोणत्या दिशेला गेलें असतां गुण वाढत जातो हें पाहून पुढचें द्रव्य निवडावयाचें, अशी ही पद्धति होती. ती त्याला शिशापर्यंत घेऊन गेली. ९ डिसेंबर १९२१ रोजीं टेट्राएथिल लेड नांवाचें शिशाचें संयुग इंजिनांत घालून पाहण्यांत आलें आणि ठोका पार नाहींसा झाला. एका गॅलन पेट्रोलला याचे सुमारें तीन घनसेंटिमीटर, म्हणजे चहाचा एक चमचाही नव्हे, इतकें पुरे होई. जळतांना त्यांतील शिशाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि आपोआप पेट घेण्याकडे धांवणारी रासायनिक साखळी ते मध्येंच तोडतात, हें पुढें उमगलें.

येथपर्यंतची कथा सरळ यशाची आहे. परंतु याच ठिकाणीं शोध करणाऱ्यांनीं आपला प्रश्न नकळत बदलला होता. 'ठोका कशानें पडतो?' या प्रश्नाची जागा 'ठोका कशानें थांबतो?' या प्रश्नानें घेतली होती; आणि तिसरा एक प्रश्न, 'थांबविणारी वस्तु पुढें जाते कोठें?', हा कोणीं गंभीरपणें विचारलाच नाहीं. इंजिनापुरता तो विचारला गेला. शिशाचा थर झडपांवर आणि स्पार्क प्लगवर बसूं लागला, तेव्हां पेट्रोलमध्यें ब्रोमिनचें एक संयुगही घालण्यांत आलें. त्यामुळें शिसें वायुरूप होऊन धुराबरोबर बाहेर पडूं लागलें. इंजिन स्वच्छ राहिलें. शिसें रस्त्यावर आलें.

शिसें विषारी आहे हें प्राचीन काळापासून माहीत होतें. खुद्द मिजलीलाच १९२३ च्या आरंभीं शिशाच्या बाधेमुळें काम सोडून फ्लॉरिडाच्या उबदार हवेंत विश्रांतीसाठीं जावें लागलें. मद्यार्कानें, म्हणजे अल्कोहोलनेंही ठोका थांबतो हें त्याला व केटरिंगला ठाऊक होतें. १९२१ सालीं मद्यार्क मिसळलेल्या पेट्रोलचे प्रयोग मिजलीनें स्वतः करून दाखविले होते. परंतु मद्यार्क पुष्कळ प्रमाणांत घालावा लागे, आणि त्याचें पेटंट कोणाला घेतां येण्याजोगें नव्हतें. शिशाचें तसें नव्हतें. फेब्रुवारी १९२३ मध्यें डेटन येथें शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्याला नांव दिलें 'एथिल'. शिसें हा शब्द त्या नांवांत कोठेंच नव्हता.

ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सी राज्यांतील बेवे येथें, हें द्रव्य तयार होत होतें त्या ठिकाणीं, कामगारांना विलक्षण आजार जडला. त्यांना नसलेल्या वस्तु दिसूं लागल्या, ते भ्रमिष्टासारखे वागूं लागले. त्यांपैकीं पांच जण दगावले आणि तिसांहून अधिक जणांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीनें वार्ताहरांसमोर तें द्रव्य आपल्या हातांवर चोळून आणि त्याचा वास घेऊन तें निर्धोक असल्याचें भासविलें. २० मे १९२५ रोजीं अमेरिकन सरकारच्या आरोग्यप्रमुखांनीं वॉशिंग्टन येथें परिषद बोलाविली. येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन आणि हार्वर्डच्या डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनीं तेथें बजावलें कीं धोका केवळ कारखान्यांतील मजुरांना नसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. तो हळूहळू सांचत जाणारा असल्यामुळें चटकन् दिसणार नाहीं, इतकेंच. विक्री तात्पुरती थांबली. तज्ज्ञांची समिति नेमली गेली. १९२६ च्या जानेवारींत तिनें मत दिलें कीं बंदी घालण्यास पुरेसा आधार आढळत नाहीं. परंतु मोटारी वाढल्यावर परिस्थिति बदलूं शकेल, तेव्हां तपास चालू ठेवावा. विक्री पुन्हां सुरू झाली. पुढील तपास मात्र बव्हंशीं त्या धंद्यांतील कंपन्यांच्याच पैशावर चालला, आणि त्यांचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट किहो हे अनेक वर्षें सांगत राहिले कीं माणसाच्या शरीरांत थोडें शिसें असणें हें निसर्गतःच आहे.

या म्हणण्याला तडा गेला तो भलत्याच दिशेनें. क्लेअर पॅटर्सन (१९२२–१९९५) हा शास्त्रज्ञ पृथ्वीचें वय मोजीत होता. त्यासाठीं उल्केंतील शिशाचें अत्यंत सूक्ष्म मापन करणें अवश्य होतें; पण मापन जमेना. जेथें शिसें नसावें तेथेंही तें सांपडे: टेबलावर, भांड्यांत, हवेंतील धुळींत. हें कोठून येतें याचा माग घेतां घेतां त्यानें अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभारली, आणि १९५६ सालीं पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटी वर्षें असल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु त्या शिशानें त्याची पाठ सोडली नाहीं. समुद्राच्या वरच्या थरांत खोल पाण्यापेक्षां शिसें कितीतरी अधिक होतें. ग्रीनलंडच्या बर्फांत जुन्या थरांपेक्षां नव्या थरांत तें झपाट्यानें वाढलेलें होतें. १९६५ सालीं त्यानें स्पष्ट लिहिलें कीं आजच्या माणसाच्या अंगांतील शिसें नैसर्गिक नव्हे, तें माणसानेंच पसरविलेलें आहे. मिजलीनें तांबडा रंग आणि आयोडीन हीं वेगळीं करून पाहिलीं होतीं; पॅटर्सननें 'नेहमीं आढळणारें' आणि 'नैसर्गिक' या दोन गोष्टी तशाच वेगळ्या करून दाखविल्या.

१९७९ सालीं हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनीं अमेरिकेंतील शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दांत तपासले. ज्यांच्या दांतांत शिसें अधिक, तीं मुलें बुद्धीच्या चांचण्यांत मागें पडत होतीं आणि वर्गांत त्यांचें लक्षही कमी लागत होतें. वरकरणी हीं मुलें आजारी नव्हतीं. म्हणूनच हा घाव इतकीं वर्षें कोणाच्या ध्यानीं आला नव्हता. तोंवर शिशाच्या जाण्याला आणखी एक कारण मिळालें होतें. मोटारीच्या धुरांतील इतर अपायकारक वायु काढून टाकणारें 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' नांवाचें साधन अमेरिकेंत १९७५ पासून नव्या गाड्यांना बसूं लागलें. शिशानें तें निकामी होतें. तेव्हां या गाड्यांना बिनशिशाचें पेट्रोल देणें भागच पडलें. १९७६ ते १९८० या काळांत अमेरिकन लोकांच्या रक्तांतील शिशाचें सरासरी प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक घटलें, आणि पेट्रोलमधील शिसें जसजसें कमी झालें तसतसेंच तें घटत गेलें. १९९६ पासून तेथें रस्त्यावरील वाहनांसाठीं शिसेमिश्रित पेट्रोलच्या विक्रीस बंदी झाली.

भारतांत १९९५ सालीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत बिनशिशाचें पेट्रोल मिळूं लागलें आणि २००० सालीं देशभर शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री बंद झाली. याचा परिणाम मुंबईच्या मुलांच्या रक्तांत मोजण्यांत आला आहे. शंभर घनसेंटिमीटर रक्तांत १० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसें ही त्या काळीं चिंतेची मर्यादा मानली जात असे. १९९७ च्या पाहणींत मुंबईंतील शेंकडा सुमारें ६२ मुलें या मर्यादेपलीकडे होतीं. २००२ च्या पाहणींत तीं शेंकडा सुमारें ३३ आढळलीं. अवघ्या पांच वर्षांचें हें अंतर आहे. साऱ्या जगांत मोटारींसाठीं शिसेमिश्रित पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथें तें जुलै २०२१ मध्यें थांबलें. डेटन येथील पहिल्या विक्रीपासून या दिवसापर्यंत ९८ वर्षें लोटलीं होतीं.

शिसें गेलें म्हणून ठोका परत आला काय? नाहीं. तेलशुद्धीच्या कारखान्यांत आतां पेट्रोलमधील द्रव्यांचीच घडण अशी बदलतात कीं तीं मुळांतच अधिक दाब सोसतात. इंजिनाच्या अंगावर एक लहानसा स्फटिक बसविलेला असतो. ठोक्याची कंपनें त्याला लागतांच त्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्या इशाऱ्यासरशीं ठिणगी किंचित् उशीरां पाडली जाते; चालकाच्या कानावर आवाज येण्यापूर्वींच ठोका विरून जातो. आणि ज्या मद्यार्काचे प्रयोग १९२१ सालीं करून नंतर बाजूस सारण्यांत आले, तो आज भारतांतील पेट्रोलमध्यें शेंकडा वीसपर्यंत मिसळला जातो. महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांतून, उसाच्या रसापासून आणि मळीपासून, त्याचा मोठा पुरवठा होतो. म्हणजे उपाय दुसरे होते, व त्यांपैकीं एक तर आरंभापासून हाताशीं होता.

बिघडलेल्या यंत्राचें कारण शोधणाऱ्याला मिजलीकडून घेण्यासारखें पुष्कळ आहे. लोकांच्या संशयावर न विसंबतां मोजून पाहणें, एका वेळीं एकच गोष्ट बदलणें, आणि फळ मनासारखें आलें तरी तें कशामुळें आलें हें पुन्हां तपासणें, हे त्याचे गुण अस्सल होते. परंतु त्याची ही तपासणी सिलिंडरच्या भिंतीपाशीं थांबली. त्या भिंतीबाहेर पडलेलें शिसें धुरासारखें विरून जाणारें नव्हे. त्याचें विघटन होत नाहीं. जुन्या, वर्दळीच्या रस्त्यांच्या कडेच्या मातींत तें आजही आहे, आणि अंगणांतल्या मातींत खेळणाऱ्या मुलाचे हात जेवणापूर्वीं स्वच्छ धुवावे, या घरोघरच्या जुन्या नियमाला त्यामुळें एक नवें कारण मिळालें आहे.